मामंजींच्या जनरेटरवरची पाटी

मंगळवार, दुपारचं आवरल्यावर

सगळ्यात आधी कोण आलं असेल, ओळखा पाहू. तुमचे धाकटे बंधुराज! तुम्ही पिशवी उचलून थोरल्या लेकीकडे निघून गेलात ही बातमी गल्लीच्या टोकाला पोचायच्या आत भाऊजी आपल्या दारात उभे. लोक खिशाला पेन लावतात तसा टेस्टर लावलेला. माणूस वीज कचेरीतून निवृत्त होऊन जमाना झाला, टेस्टर अजून नोकरीत आहे.

दारातूनच म्हणतात कसे, “वहिनी, दादा गेला असं कळलं. फार वाईट वाटलं.”

आता असं कुणी बोलतं का? समोरची बाई हातातले ओले कपडे टाकून कठड्याशी आली. मी म्हटलं, “गेले नाहीत हो, रुसलेत. गेले असते तर मीच कळवलं असतं. रुसल्याचं कोण कळवतं?” समोरच्या बाईचा हिरमोड झाला. परत कपडे पिळायला लागली.

तर नमस्कार वगैरे धरून चाला. मी खुशाल आहे, आणि हे लिहायची रीत म्हणून लिहीत नाही, खरंच आहे. घरात टर्पेंटाइनचा वास नाही. पलंगावर आडवी झोपते. चहा एकदाच करते आणि गरम पिते. थोरली म्हणाली, आई, बाबांना फोन तरी कर. केला की. “मी बाहेर गेलोय म्हणून सांग,” हे तुमचंच ओरडणं मला फोनवर स्वच्छ ऐकू आलं. म्हणून हे पत्र. माझी शाळा चौथीपुरती, अक्षर पावसात सापडल्यासारखं, पण पत्राची एक गंमत आहे. तुम्हाला मध्येच तोडता येत नाही. लग्न झाल्यापासून पहिल्यांदा माझं वाक्य शेवटपर्यंत जाणार आहे. ते लांबलं तर सोसा.

भाऊजी बसले. चहा प्याले. बिस्किटांचा पुडा “एकच घेतो” म्हणत म्हणत संपवला. मग पुढच्या खोलीत जाऊन मामंजींच्या जनरेटरभोवती फेऱ्या मारू लागले, जसं काही म्हैस विकत घ्यायला आलेत. तुम्ही तो कसा टाकून गेलात ते आठवतंय ना? अर्धी खोली अडवून बसलाय. हिरवागार, कडांना पिवळ्या रेघा, मोठ्या चाकाच्या आऱ्यांवर लाल ठिपके. नवरीलासुद्धा कुणी इतकं रंगवत नाही. आणि चालतो किती? तर तुमच्या धंद्याइतका.

“दादानं पार वाट लावली याची,” भाऊजी म्हणाले. “गल्लीत तारा नव्हत्या तेव्हा बाबा हा चालू करायचे आणि फक्त आपल्या घरात दिवे लागायचे. अख्खी गल्ली खिडकीत येऊन बघायची. तुम्ही नव्हता वहिनी तेव्हा.”

“मी नव्हते म्हणूनच लागत असतील,” मी म्हटलं. तुमचंच म्हणणं ना ते?

त्या दिवशीचं मी काढणार नव्हते, पण निघालंच आहे तर काढते. जुन्या यंत्रांच्या मंडळाची ती तीन माणसं तुम्ही बोलावली होतीत, मी नाही. यंत्र प्रदर्शनात न्यायचं म्हणून इस्त्रीचा सदरा घालून तुम्ही हँडल मारायला लागलात. मारताय, मारताय, आणि ते साधं खोकलंसुद्धा नाही. सदरा पाठीला चिकटला. अध्यक्ष घड्याळ बघायला लागले. मी आपली चहाचा ट्रे घेऊन आले आणि म्हटलं, “घ्या, गरम आहे तोवर घ्या. दिवा लागल्यावर प्यायचा म्हणाल तर याचा बर्फ होईल.” ती माणसं हसली. आता ती हसली हा माझा गुन्हा? तुम्ही माझ्याकडे वळून काय म्हणालात, “तू या खोलीत पाऊल टाकलंस की सगळं बंद पडतं.” चार परक्या माणसांसमोर!

तीनच होती म्हणाल. अध्यक्षांच्या मागे मान हलवणारा तो होयबा दोघांच्या जागेत बसला होता.

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तुमचं प्रस्थान. का, तर या घरात कलेची कदर नाही. अहो, तुमची कला बाजारातल्या दुकानांच्या पाट्यांवर. बंद पडलेल्या यंत्राला तीन हात ऑईलपेंट देणं याला दुरुस्ती म्हणत नाहीत. आजाऱ्याला डॉक्टरकडे न्यावं आणि डॉक्टरने पावडर लावून, भांग पाडून परत पाठवावा, त्यातली गत. पण जन्मभर ब्रश धरला त्याला जगात रंगाशिवाय दुसरं औषध माहीत नसतं.

तर भाऊजींनी हँडल मागितलं. यंत्राखाली बघितलं, कपाटामागे बघितलं, मला वाटलं कोळ्यांच्या जाळ्यांत अडकलं असेल. मग उजेड पडला. तुम्ही घर सोडताना काय काय नेलंत? दोन सदरे, दाढीचं सामान आणि जनरेटरचं हँडल! रक्तदाबाच्या गोळ्या इथे. चष्म्याची डबी इथे. आणि ते लोखंडाचं ओझं टॉवेलात गुंडाळून लेकीच्या घरी. थोरलीला वाटलं असेल बाबा पाहुणचाराला काहीतरी घेऊन आले.

भाऊजींना मात्र भलताच जोर चढला. म्हणाले, “वहिनी, मी चालू करून दाखवतो. अध्यक्ष माझ्या ओळखीचे आहेत. प्रदर्शनात प्रत्येक यंत्रावर पाटी असते, ज्यानं ते पुन्हा जिवंत केलं त्याचं नाव. बाबांच्या यंत्रावर घरातलं नाव लागायलाच हवं. दादाचं नाही तर माझं.”

मी म्हटलं, लावा. माझी पुढची खोली मोकळी झाल्याशी कारण. तुम्हाला कळवते ते एवढ्यासाठी, की नंतर म्हणाल कळवलं नाही. या असं काही मी म्हणत नाही. मी बोलावलं म्हणून तुम्ही आलात, हे पुढची वीस वर्षं कोण ऐकून घेणार?

गोळ्या पाकिटात घातल्या आहेत. सकाळी पांढरी, रात्री पिवळी. उलट घेऊ नका. रंगातलं तरी तुम्हाला कळतं.

खाली नाव घालत नाही. तुम्हाला असं लिहिणारी दुसरी कोणी असली तर तिचे आभार मानेन.

शनिवार, सकाळी, दूध तापत ठेवून

तुमचं कार्ड मिळालं. चार शब्द. “यंत्राला हात लावू नये.” आणि त्या चार शब्दांनाही छाया दिलीत, खाली वेलबुट्टी काढलीत. बायकोला लिहिलंय की बागेच्या दारावर लावायचंय? पोस्टमन माझ्या हातात देताना म्हणाला, “आजी, हे फाटकाला ठोकायचं आहे का?” “कशी आहेस” नाही, “गोळ्या पोचल्या” नाही. कार्डाची मागची बाजू कोरी. तिथे काय वेलबुट्टी संपली?

आणि ही ओळ मला काही नवीन नाही. तुम्ही गेल्यावर खोली झाडायला वाकले तेव्हाच दिसली होती. यंत्राच्या खालच्या अंगाला, वाकल्याशिवाय दिसणार नाही अशा जागी, लहान पण झोकदार अक्षरांत: “बायकांनी हात लावू नये.” बायकांनी! घरात बाई एकच. त्या खोलीत केर काढायला वाकणारं माणूसही एकच. म्हणजे पाटी बरोबर गिऱ्हाइकाच्या उंचीला लावलीत. धंद्यातली अक्कल याला म्हणतात. हीच जरा धंद्यात वापरली असतीत तर बरं होतं.

ते वाचून मी काय केलं म्हणाल तर काही नाही. धूळ पुसली.

आता भाऊजींची ऐका. हँडल नाही, म्हणून त्यांनी माझी कपडे वाळत घालायची दोरी सोडली आणि मोठ्या चाकाला गुंडाळली. मी म्हटलं, कपडे कुठे घालू? म्हणाले, “वहिनी, विज्ञानासाठी थोडा त्रास सोसावा लागतो.” विज्ञानासाठी माझी चादर दोन दिवस खुर्च्यांवर पसरलेली. दोरी ओढली, यंत्र ढिम्म. पुन्हा गुंडाळली, पुन्हा ओढली. मध्ये बसून पाणी प्यायले, पाण्याबरोबर पुन्हा बिस्किटं. गुरुवारी मात्र इतक्या इरेला पेटून ओढली की दोरी हातातून सुटली, भाऊजी मागे खुर्चीवर, खुर्ची मागे कपाटावर, आणि कपाटावरचे तुमचे रंगाचे डबे खाली. पिवळ्याचं झाकण सैल होतं. झाकण सैल ठेवणारा कोण ते मी लिहीत नाही.

मी हसले नाही. आत जाऊन हसले. बाहेर येऊन फडकं दिलं आणि म्हटलं, “बसा भाऊजी. आमच्या घरात रंग लागला की वस्तू चालायच्या बंद पडतात.”

त्यांना ते आवडलं नाही. यंत्राच्या बाजूला, खालच्या अंगाला, दोन बोल्टांवर बसवलेली एक डबी आहे, ती त्यांनी मला टेस्टरने दाखवली. म्हणाले, ही ठिणगीची डबी. हिच्यातून ठिणगी पडली तर आत रॉकेल पेटतं आणि चाक फिरतं. ठिणगीच पडत नाही. “डबी मेलेली आहे, वहिनी. असली आता जगात कुठे मिळणार नाही. संपलं सगळं.” नाचता येईना अंगण वाकडं! मी एवढंच विचारलं, मेलेली आहे हे तुम्हाला आज, सगळी बिस्किटं संपल्यावर कळलं का? कान पिवळा घेऊन घरी गेले.

गेले ते गेले, टेस्टर इथेच विसरले. काल तो न्यायला परत आले. खिसा रिकामा ठेवून रात्रभर डोळ्याला डोळा लागला नसणार बिचाऱ्यांच्या. टेस्टर घेतला, खिशाला लावला, आणि दाराकडे जाता जाता, दोरी गुंडाळलेलीच होती, तर सवयीने एकदा ओढली.

अहो, ते चालू झालं!

आधी खोकलं. मग शिंकलं. मग पोटात काहीतरी ढवळल्यासारखं गुरगुरलं आणि धाड धाड धाड धाड सुरू! फळीवरचे पेले नाचायला लागले. घड्याळ भिंतीवर वाकडं झालं. पुढची खोली धुराने भरली आणि समोरची बाई “आग, आग” ओरडत खाली पळाली, हातात एक पिळलेला सदरा, तोही आपल्या नवऱ्याचा नव्हे, मला वाटतं धोब्याने बदललेला. भाऊजी भिंतीला चिकटून उभे. मीसुद्धा ओरडत होते. काय ओरडत होते ते आठवत नाही. नाचत वगैरे नव्हते. या वयात कोण नाचतं? गुडघा आज दुखतोय तो वेगळ्या कारणाने.

नातीला सांगा, आजीच्या घरी पणजोबांचं यंत्र बोलायला लागलं.

दिव्याचं म्हणाल तर भाऊजींनी स्वयंपाकघरातला बल्ब काढून यंत्राच्या होल्डरमध्ये लावला. आतली तार कशीबशी लाल झाली, विझत आलेल्या निखाऱ्यासारखी. तेवढ्यात काय वाचणार, काय शिवणार? पण लाल तर लाल. तुमच्या हातून तेही कधी झालं नाही.

आणि आता खरी मजा. भाऊजींनी तिथल्या तिथे अध्यक्षांना फोन लावला. “चालू केलं. हो, मीच केलं. दोष हुडकून काढला.” फोन ठेवल्यावर मी विचारलं, “कोणता हो दोष हुडकलात?” तर म्हणतात, “वहिनी, ते टेक्निकल आहे.” टेस्टर न्यायला आलेला माणूस! आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो दिसतो कसा, ते काल बघितलं. कानामागे पिवळा होता.

मंडळी उद्या येणार आहेत. यंत्र चाललं की भाऊजींच्या नावाची पाटी ठरणार, आणि मामंजींचा जनरेटर धाकट्याने जिवंत केला हे सगळीकडे गाजणार. तुम्ही तिकडे हँडल उशाशी घेऊन झोपा.

जाता जाता एक. माझं उलथनं कडेला वाकलंय. थोरलीकडे जास्तीचं असेल तर विचारा. कशाने वाकलं ते विचारू नका. दूध उतू गेलं, थांबते.

सोमवार, पुढची खोली झाडून झाल्यावर

लिहायला बसायच्या आधी पोटभर हसून घेतलं आहे, म्हणजे पत्र सलग होईल.

मंडळी आली. तीच तिघं. अध्यक्ष, जे बोलायच्या आधी घसा असा साफ करतात की आपल्याला वाटावं उठून उभं राहायचं. त्यांच्यामागे तो होयबा, ज्याचं काम मान हलवणं आणि अध्यक्षांच्या वाक्याचं शेपूट उचलून धरणं. आणि ती गळ्यात भिंग अडकवलेली बाई. मागच्या वेळी चहावरून सगळ्यात मोठ्याने हीच हसली होती. तुम्ही तिला मनात धरून ठेवलं असेलच, तुमच्या मनात जागा अशाच गोष्टींना.

भाऊजी नवा सदरा घालून माझ्याच घरात मला म्हणतात, “वहिनी, पाहुण्यांना बसायला द्या.”

अध्यक्ष म्हणाले, “आम्ही तर हे यंत्र शोभेचं म्हणून सोडून दिलं होतं. आपण कमाल केलीत.”

“कमाल,” होयबा.

“काही नाही हो,” भाऊजी म्हणाले, “अनुभव.”

“अनुभव,” होयबा.

भाऊजींनी दोरी ओढली. यंत्र पहिल्या झटक्यात चालू. पेले नाचले, घड्याळ वाकडं झालं, समोरची बाई या वेळी नुसती कठड्याशी आली. भाऊजींनी तोच स्वयंपाकघरातला बल्ब लावला. तोच लाल निखारा. अध्यक्षांनी खेदाने मान हलवली, “डायनामो थकलाय.” होयबाही थकला. तेव्हा ती भिंगवाली बाई काही न बोलता पुढे झाली. पिशवीतून रुमालात गुंडाळलेला एक जुना जाड काचेचा बल्ब काढला, आपल्या घरचा काढून तो लावला. म्हणाली, “याची वीज कमी दाबाची असते. घरचा दिवा याच्यावर नाही लागायचा, याला याचाच दिवा हवा.”

आणि अहो, खोली भर सकाळी पिवळीधमक झाली. भिंतीवर माझी सावली पडली, केवढी मोठी! तुमच्या हिरव्यावरच्या त्या रेघा उठून दिसल्या. रेघा सरळ आहेत एवढं लिहिते. पुढे काही लिहीत नाही.

अध्यक्षांनी भाऊजींना विचारलं, “आपण वीज कचेरीतच होतात ना?” भाऊजींनी टेस्टर खिशात आणखी खाली ढकलला.

यंत्र थांबवलं. ती बाई भिंग घेऊन यंत्राभोवती वाकून वाकून बघत होती. ठिणगीच्या डबीपाशी थांबली.

“ही डबी कोणी काढून बसवली?”

“मीच,” भाऊजी म्हणाले.

“आणि हिच्या मागचा रंग?”

“कसला रंग?”

बाई सरळ उभी राहिली. म्हणाली, “डबीच्या पाठीला आणि ती बसते त्या जागेला जाड रंग होता. कडेला उरलाय अजून, हा बघा. रंगातून वीज जात नाही. लोखंडाला लोखंड टेकत नव्हतं म्हणून ठिणगी पडत नव्हती. एवढाच दोष होता. कोणीतरी तो रंग काढला म्हणून हे चालतंय. तुम्ही काढलात म्हणता, तर कशाने काढलात?”

भाऊजी म्हणाले, “त्याचं एक लिक्विड मिळतं.”

“लिक्विडने ओरखडे पडतात?”

“महागातलं असलं तर,” भाऊजी म्हणाले. शप्पथ, असंच म्हणाले.

मी ट्रे खाली ठेवला. म्हटलं, “उलथन्याने काढला. मी काढला.”

होयबालासुद्धा मान कुठल्या बाजूने हलवावी कळेना.

आता तुम्हालाही सांगते. धूळ पुसली असं लिहिलं होतं, ते खोडा. गुरुवारी भाऊजी पिवळे होऊन घरी गेल्यावर मी तुमच्या त्या ओळीसमोर फतकल मारून बसले. आधी नुसतं “बायकांनी” खरवडलं. मग म्हटलं बाकीचं तरी कोणासाठी ठेवू? तुमची अक्षरं यंत्राच्या अंगावर सुरू होऊन डबीवर चढलेली, आणि “नये”चं शेपूट डबीच्या मागे गेलेलं. ते काही निघेना. म्हणून पक्कड आणली, दोन्ही बोल्ट काढले, डबी मांडीवर घेतली. आणि एकदा वस्तू हातात घेतली की ती तोंडापुरती पुसून ठेवणारी मी नव्हे. पाठ घासल्याशिवाय भांडं घासलं असं म्हणत नाहीत. पाठ घासली. ती बसते ती जागा घासली. बोल्ट घासले. सगळीकडे तुमचा ऑईलपेंट, हातावर हात, बोल्टांच्या आट्यांतसुद्धा! अहो, बोल्टांचे आटे कोण रंगवतं? कोणाला दिसणार होते ते? मग सगळं होतं तिथे आवळून बसवलं आणि जेवले. त्या दिवशी जेवण गोड लागलं.

हे सगळं मी त्या मंडळींना असंच सांगितलं. तुमची ओळ काय होती तेही सांगितलं. लपवायचं कशाला?

अध्यक्षांनी घसा साफ केला. “म्हणजे आपल्याला दोषाचा अंदाज आला होता तर.”

मी म्हटलं, “दोषाचा अंदाज मला लग्नानंतर दुसऱ्याच दिवशी आला होता. यंत्राच्या नव्हे. यंत्र चालेल असं माझ्या स्वप्नातही नव्हतं. मला राग आला होता, बस.”

“बरोबर,” होयबा म्हणाला. आल्यापासून पहिल्यांदा शहाण्यासारखं बोलला.

ती बाई या वेळीही मोठ्याने हसली, पण मला राग नाही आला. म्हणाली, “आजी, रागाने का होईना, जिवंत तुम्ही केलंत. पाटीवर तुमचं नाव.”

भाऊजी ताडकन उठले. “वहिनींचं? अहो, त्या चौथी पास!”

“मग यंत्राला विचारा ते कितवी पास आहे,” मी म्हटलं.

बाईने माझं नाव विचारलं. मी सांगितलं. तर भाऊजींनी असं दचकून बघितलं, जसं काही मी कोणा परक्या बाईचं नाव सांगितलं. इतकी वर्षं वहिनी वहिनी म्हणताहेत, वहिनीला नाव असेल हे त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं.

मग ती तुमच्या रेघांवरून भिंग फिरवत म्हणाली, “हे हाताने केलंय? इतकं सरळ? असं आता कोणी करत नाही. कोणी केलं?”

मी म्हटलं, “आहे एक माणूस. सध्या रुसून लेकीकडे आहे.”

“मग पाटी त्यांनीच रंगवायला हवी. यंत्राच्या अंगावरच, याच हाताची अक्षरं.”

यावर भाऊजी, ज्यांच्या हातात दुसरं काहीच उरलं नव्हतं, पुढे सरसावले. म्हणाले, “दादाची वाट कशाला बघायची? माझ्या ओळखीचा कॉम्प्युटरवाला आहे. वहिनींच्या नावाचा झकास स्टिकर छापून आणतो. चकचकीत. पाण्याने जात नाही. तिथल्या तिथे चिकटवून टाकू.”

स्टिकर. मामंजींच्या जनरेटरवर. तुमच्या हिरव्यावर, दोन रेघांच्या मधोमध. आणि कॉम्प्युटरवाला कोण, तर तोच, ज्याच्या दुकानामुळे तुमचे ब्रश माळ्यावर गेले. अध्यक्ष म्हणाले, चालेल, रंगवणारे वेळेवर नाही आले तर स्टिकर. होयबा म्हणाला, स्टिकर. मी कप गोळा करायला लागले. माझं काय, नाव लागल्याशी कारण.

तेव्हा आता हे नीट वाचा, चष्मा पुसून वाचा. तुम्ही उभ्या बाजाराची नावं रंगवलीत. न्हाव्याचं रंगवलंत. दातांच्या डॉक्टरचं रंगवलंत, त्यावर चमकणारा दातही काढलात. लोकांचे पैसे घेऊन पळालेल्या त्या ठगाचं नाव सोनेरी रंगात काढलंत आणि तो पळाल्यावरही “अक्षर बघ काय उतरलंय” म्हणून मला दाखवायला नेलंत. माझं नाव कधी काढलंत? हाक मारायची तर “अगं”. परक्यांसमोर “आमच्याकडे”. फार लाडात आलात तर “ऐकलंस का”. माझ्या नावाचं पहिलं अक्षर तुमच्या हातचं कसं दिसतं, मला माहीत नाही. तुम्हाला नाव आठवतं ना, की तेही थोरलीला विचाराल? लहानसं आहे. जागा फार लागणार नाही.

छाया द्यायची तर द्या. वेलबुट्टी नको. आणि वाकून वाचावं लागेल अशा जागी तर मुळीच नको. माणसाच्या डोळ्यांसमोर, उभ्या उभ्या वाचता येईल असं. त्या बाईला तुम्ही स्वतः सांगायचं की आट्यांतला रंग तुमचाच. मी मध्ये बोलणार नाही. बघायला उभी राहीन, पण बोलणार नाही.

ते हँडलही लागेल. दोरी लावून यंत्र प्रदर्शनात ठेवता येत नाही असं त्यांचं म्हणणं, आणि मलाही कपडे वाळत घालायचे आहेत.

तुमचे ब्रश माळ्यावरून काढले. यंत्र रंगवून तसेच न धुता ठेवलेले, काठीसारखे कडक झाले होते. टर्पेंटाइनमध्ये भिजत घातलेत, घरभर तो वास सुटलाय आणि माझं डोकं दुखतंय. बारीक रेघेचा ब्रश कोणता ते मला कळलं नाही म्हणून सगळेच घातले.

भाऊजींनी स्टिकर छापायला टाकलाय. मंडळी येत्या रविवारी सकाळी येतो म्हणाली आहेत.